खाण संपल्यावर उरतं ते गाव

१९ ऑगस्ट २०२५ ची सकाळ. स्वीडनच्या उत्तर टोकाकडच्या किरुना गावातलं चर्च आपल्या जागेवरून निघालं. ११३ वर्षांचं लाल रंगाचं लाकडी चर्च, वजन ६७२ टन. सुटं न करता, आतल्या ऑर्गनसकट ते रिमोटवर चालणाऱ्या ट्रेलरांवर अलगद उचललं होतं. वेग ताशी जेमतेम अर्धा किलोमीटर. पाच किलोमीटरच्या वाटेला दोन दिवस लागले. त्यासाठी आधी रस्ता रुंद केला होता, वाटेतला पूल काढून टाकला होता. निघताना धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली. रस्त्याच्या कडेला हजारो माणसं उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी स्वीडनचे राजे कार्ल गुस्ताफही त्यांच्यात येऊन उभे राहिले.

स्वीडिश दूरचित्रवाणीनं ही सगळी यात्रा थेट दाखवली. मी ती घरी बसून पाहत होतो. चित्र जवळजवळ स्थिर वाटे, तरी उठवेना. वारीच्या वाटेवर पालखी दिसेपर्यंत माणसं जशी ताटकळत थांबतात, तशी ती माणसं थांबली होती. फक्त हा देव पुन्हा आपल्या मूळ ठिकाणी परतणार नव्हता.

चर्चला निघावं लागलं ते खाणीमुळे. किरुनाच्या भूगर्भात लोहखनिजाचा एक प्रचंड थर आहे. सुमारे चार किलोमीटर लांब, ८० मीटर जाड, आणि तिरका उतरत गावाच्या दिशेनं खोल गेलेला. खनिज खालून सुरुंग लावून काढतात. ते काढल्यावर झालेल्या पोकळीत वरचा खडक ढासळतो. खाण जितकी खोल जाते, तितक्या जमिनीवरच्या भेगा गावाच्या जवळ येतात. आज मुख्य वाहतुकीचा बोगदा १,३६५ मीटर खोलीवर आहे. २००४ साली खाण चालवणाऱ्या एलकेएबी या सरकारी कंपनीनं जाहीर केलं, की पुढे खोदायचं तर गावाला उठावं लागेल. युरोपीय संघातलं बहुतांश लोहखनिज या एका कंपनीच्या खाणींतून येतं. गावानं हलायचं की खाणीनं थांबायचं, या प्रश्नाचं उत्तर किरुनात सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. गाव वसलंच होतं खाणीसाठी.

गेले काही महिने मी उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपासच्या शहरांचे नकाशे, त्यांच्या जनगणना, त्यांचे इतिहास वाचतो आहे. रशिया, नॉर्वे, स्वीडन, ग्रीनलंड, कॅनडा, अलास्का. थंडी सगळीकडे, काळोखही सगळीकडे. तरी एक शहर ओस पडतं आणि दुसरं भरभराटीला येतं. एकाला तिथली माणसं नोकरीचं ठिकाण म्हणतात, दुसऱ्याला घर. हा फरक कशानं पडतो, हे मला समजून घ्यायचं होतं.

घर कुणाचं?

मराठी माणसाला आर्क्टिक तसा अनोळखी नाही. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्यातून प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत दीर्घकाळ रेंगाळणारी पहाट आहे, न संपणारी रात्र आहे. अशी पहाट ध्रुवाजवळच दिसते, म्हणून वैदिकांचं मूळ घर तिथे असलं पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतिहासकारांनी तो स्वीकारला नाही. पण त्या ग्रंथाच्या नावातला एक शब्द माझ्या मनात राहिला आहे. ज्या प्रदेशाकडे जग ओसाड, निर्मनुष्य टोक म्हणून पाहत होतं, त्याला टिळकांनी ‘होम’ म्हटलं.

आणि ते खरोखर घर होतंच. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला सामी, सैबेरियात नेनेत्स आणि याकूत, ग्रीनलंड आणि कॅनडात इनुइट, अलास्कात इन्युपियाक. रेनडिअरचे कळप, सील आणि देवमासे, नद्यांतले मासे यांच्या मागे ऋतूंप्रमाणे फिरत ही माणसं तिथे शतकानुशतकं जगत आली. किरुना हे नावसुद्धा एका पक्ष्याचं आहे. सामी भाषेत ‘गिरोन’ म्हणजे बर्फात पांढरा होणारा रानकोंबड्यासारखा पक्षी.

आज आर्क्टिक प्रदेशात सुमारे ४० लाख लोक राहतात आणि त्यांतले बहुसंख्य गावाशहरांत राहतात. ही शहरं शेतीतून वाढलेली नाहीत, कारण तिथे फारशी शेती होत नाही. ती बाहेरून आलेल्या गरजेतून उभी राहिली. कुणाला खनिज हवं होतं, कुणाला हिवाळ्यात न गोठणारं बंदर, कुणाला विमानांचा तळ. पुढे प्रत्येक देशानं त्या वस्तीचं काय केलं, तिथून त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पायाखालची जमीन

आधी जमिनीबद्दल बोललं पाहिजे, कारण तिथे प्रत्येक भिंतीला तिची परवानगी लागते.

रशियाच्या सुमारे दोन तृतीयांश भूभागाखाली पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळून चिखल होतो, हिवाळ्यात तो पुन्हा दगड बनतो. सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात १८२८ साली फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्यानं पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. नऊ वर्षं खणून तो ११६ मीटरवर पोचला, तरी जमीन गोठलेलीच. पाणी लागलं नाही, पण ती विहीर विज्ञानाच्या कामी आली. तिच्यात उतरून शास्त्रज्ञांनी गोठलेल्या जमिनीचं तापमान मोजलं. आज याकुत्स्कमध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोक राहतात आणि पर्माफ्रॉस्टचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था तिथे आहे.

अशा जमिनीवर नेहमीसारखा पाया घालून घर बांधलं, तर घराची ऊबच घराला बुडवते. चूल पेटते, फरशी तापते, खालचा बर्फ वितळतो, एक कोपरा खचतो, भिंत तडकते. यावरचा उपाय सांगायला सोपा आणि करायला कठीण आहे. जमिनीत खोल भोक पाडायचं, त्यात काँक्रीटचा खांब उतरवायचा आणि भोवतालचा चिखल पुन्हा गोठू द्यायचा. मग तो खांब बर्फच घट्ट धरून ठेवतो. इमारत या खांबांवर जमिनीपासून वर उचलायची, म्हणजे खालून हिवाळी वारा वाहत राहतो आणि जमीन गोठलेलीच राहते. पाण्याच्या आणि उष्णतेच्या वाहिन्याही जमिनीत पुरता येत नाहीत. त्या घरांच्या मधून, रस्त्यांवर कमानी करत, उघड्यावरून जातात.

सोव्हिएत काळात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवण्याचं श्रेय मिखाईल किम या अभियंत्याला दिलं जातं. १९६६ साली त्याबद्दल त्याला लेनिन पारितोषिक मिळालं. हा कोरियन वंशाचा अभियंता नोरिल्स्कला पोचला होता तो कैदी म्हणून.

छावणीचं शहर

नोरिल्स्क ६९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सुमारे दीड महिना तिथे सूर्य उगवत नाही. देशाच्या इतर भागांशी रस्त्यानं किंवा रेल्वेनं ते जोडलेलं नाही. विमान किंवा दुदिन्का बंदरातून जहाज, एवढेच मार्ग. तिथले रहिवासी उरलेल्या रशियाला ‘मातेरिक’ म्हणतात, म्हणजे मुख्य भूमी. नोरिल्स्क काही बेट नाही, आशिया खंडाच्याच भूमीवर आहे. तरीही हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आहे.

या शहराची सुरुवात एका भूगर्भशास्त्रज्ञापासून होते. निकोलाय उर्वान्त्सेव्ह विशीतच या भागात खनिजं शोधत आला. १९२१ साली त्याच्या तुकडीनं तिथे लाकडी ओंडक्यांचं एक घर बांधलं. तेच नोरिल्स्कचं पहिलं घर. आजूबाजूच्या डोंगरांत निकेल होतं, तांबं होतं, प्लॅटिनम आणि पॅलेडियम होतं. १९३५ साली ते काढण्यासाठी स्टालिनच्या सरकारनं तिथे श्रमछावणी उघडली. ‘नोरिल्लाग’ १९५६ पर्यंत चालली. कैद्यांनी खाणी खणल्या, रेल्वे टाकली, भट्ट्या उभारल्या, इमारती बांधल्या. कितीतरी जण तिथेच गाडले गेले. १९३८ साली उर्वान्त्सेव्हलाही अटक झाली. ज्या भूमीचा नकाशा त्यानं काढला होता, तिथेच त्यानं कैदी म्हणून शिक्षा भोगली.

१९५३ साली नोरिल्स्कला शहराचा दर्जा मिळाला. त्याच उन्हाळ्यात तिथल्या कैद्यांनी मोठं बंड केलं. मध्यवर्ती भागातले रुंद रस्ते आणि खांबांच्या ओळींच्या इमारती लेनिनग्राडची आठवण करून देतात. छावणीच्या माणसांनी एक राजेशाही चेहऱ्याचं शहर उभं केलं. छावण्या बंद झाल्यावर सरकारनं माणसं आणण्याचा दुसरा मार्ग धरला. उत्तरेत काम करणाऱ्याला जास्त पगार, लांब रजा, लवकर निवृत्ती. तरुण आले, काही वर्षं कमावून मुख्य भूमीवर परतण्याचा बेत करून आले, आणि त्यांतले अनेक राहून गेले.

सोव्हिएत संघाची समजूत अशी, की उत्तरेत उत्पादन करायचं तर तिथे पूर्ण शहर हवं. नाट्यगृह, शाळा, पोहण्याचा तलाव, हजारो सदनिका. त्यामुळे जगातली सर्वांत मोठी आर्क्टिक शहरं रशियात आहेत. त्यांत पहिलं मुर्मान्स्क. पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची मदत उतरवायला हिवाळ्यात न गोठणारं बंदर हवं होतं. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे कोला उपसागर गोठत नाही. म्हणून १९१६ साली तिथे शहर वसवलं गेलं. झारच्या साम्राज्यानं वसवलेलं ते शेवटचं शहर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बहल्ल्यांनी ते जवळजवळ जळून गेलं आणि पुन्हा उभं राहिलं. आज अणुशक्तीवर चालणाऱ्या बर्फफोड्या जहाजांचं ते घर आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. भत्ते आणि पुरवठ्याची साखळी तुटली. मुर्मान्स्कची लोकसंख्या १९८९ साली ४ लाख ६८ हजार होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे २ लाख ७० हजारांवर आली. व्होर्कुताचं त्याहून वाईट झालं. हे कोळशाचं शहरही छावणीतूनच जन्मलेलं. शहराभोवती खाणवस्त्यांचं एक कडं होतं. सोव्हिएत काळाच्या अखेरीस हे सगळं मिळून दोन लाखांवर माणसं होती. आज निम्मीही नाहीत. कड्यातल्या वस्त्या एकेक करून रिकाम्या झाल्या. खिडक्या फुटलेल्या पाचमजली चाळी बर्फात तशाच उभ्या आहेत. उरलेल्या लोकांना शहराच्या मध्यभागी आणून एकत्र वसवण्याचं काम चालू आहे, म्हणजे उष्णता आणि पाणी कमी अंतरावर पोचवावं लागेल. २००१ साली जागतिक बँकेनं व्होर्कुता आणि नोरिल्स्कमधल्या काही लोकांना दक्षिणेत स्थलांतर करता यावं म्हणून कर्ज दिलं. माणसं आणण्यासाठी ज्या राज्यानं अर्धं शतक खर्च केलं, तेच आता ती परत नेण्यासाठी पैसे देऊ लागलं.

नोरिल्स्कमध्ये मात्र आजही पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आहेत, कारण जगाला निकेल आणि पॅलेडियम हवं आहे. त्याची किंमत तिथली हवा आणि नद्या मोजतात. २९ मे २०२० रोजी शहराजवळच्या वीजकेंद्रातली डिझेलची टाकी फुटली. २० हजार टनांहून अधिक इंधन जमिनीत आणि अंबार्नाया नदीत गेलं. नदी लाल झाल्याची छायाचित्रं उपग्रहांनी टिपली. टाकीचे आधारखांब अचानक खचले, असं वीजकेंद्र चालवणाऱ्या कंपनीनं सांगितलं. हवामान तापतं आहे आणि जमीन मऊ पडते आहे, हे खरंच आहे. पण बांधकाम आणि देखभाल नीट नसेल, तर सगळा दोष बर्फाला देता येत नाही. कंपनीला १४६ अब्ज रुबल भरावे लागले.

जळलेल्या गावांचं विद्यापीठ

याच अक्षांशांवर, पश्चिमेला नॉर्वेमध्ये, गोष्ट वेगळी घडली. तिला निसर्गाची साथ होती, हे आधी मान्य करायला हवं. उबदार प्रवाहामुळे नॉर्वेचा किनारा सैबेरियापेक्षा कितीतरी सौम्य आहे. पण हवामानानं सगळं ठरत नाही.

१९४४ च्या हिवाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं नॉर्वेचा फिनमार्क प्रांत पेटवून दिला. लोकांना जबरदस्तीनं हलवलं, घरं, धक्के, शाळा जाळल्या. हामरफेस्ट शहरात स्मशानातलं छोटं प्रार्थनागृह तेवढं शिल्लक राहिलं. याच सैन्यानं फिनलंडमधलं रोव्हानिएमीही जाळलं. युद्धानंतर तिथे वास्तुरचनाकार अल्वार आल्तो यांनी रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात रस्त्यांचा आराखडा आखला. नॉर्वेत लोक परवानगीची वाट न बघता जळक्या गावांत परतले, आणि सरकारनं ती पुन्हा बांधायचं ठरवलं.

पुढे नॉर्वेसमोर प्रश्न होता तो तरुणांना कसं टिकवायचं याचा. उत्तरेत डॉक्टर मिळत नसत, शिक्षक टिकत नसत, शिकायला गेलेली मुलं ऑस्लोतच राहत. १९६८ साली नॉर्वेच्या संसदेनं ट्रॉम्सो या ६९ अंशांवरच्या गावात विद्यापीठ काढण्याचा निर्णय घेतला, आणि १९७२ साली ते सुरू झालं. त्यात वैद्यकीय शिक्षणही होतं. विचार साधा होता: उत्तरेतली मुलगी उत्तरेतच डॉक्टर झाली, तर ती उत्तरेत राहण्याची शक्यता वाढते. तो खरा ठरला. १९७४ पासून तिथे हृदयविकारावरचं मोठं लोकसंख्या-सर्वेक्षण चालू आहे. १९९८ साली देशाची ध्रुवीय संशोधन संस्था तिथे हलवली गेली. आर्क्टिक परिषदेचं कायमचं सचिवालयही आज तिथेच आहे. मासेमारीच्या आणि ध्रुवाकडे जाणाऱ्या मोहिमांच्या त्या गावात आता पाऊण लाखाहून अधिक लोक राहतात. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांमध्ये रस्ते आहेत, वाहनतळ आहेत, वर्तुळाकार चौकसुद्धा.

ट्रॉम्सोच्या पलीकडच्या, आणखी विरळ भागांसाठी १९९० साली सरकारनं खास क्षेत्र जाहीर केलं. तिथे राहून नोकरी करणाऱ्याचं शैक्षणिक कर्ज दरवर्षी दहा टक्के माफ होतं, आयकरही कमी लागतो. रशियाचा भत्ताही माणसं आणण्यासाठीच होता. पण नॉर्वेची सवलत माणसाला तिथे राहून आयुष्य उभारायला सांगते, तर सोव्हिएत भत्ता कमावून परत जाण्याच्या हिशोबानं घेतला जात असे.

नॉर्वेच्या पदरीही चुका आहेत. सामी मुलांना वसतिगृहांत ठेवून त्यांची भाषा मोडण्याचं काम तिथल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. अल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी तरुणांनी १९७९ साली ऑस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं. धरण झालंच. पण त्या संघर्षामुळे १९८९ साली सामी लोकांची स्वतःची संसद स्थापन झाली. ती काराशोक या लहानशा गावात भरते.

गावं मोडून झालेली राजधानी

ग्रीनलंडची राजधानी नूक १७२८ साली हान्स एगेदे या धर्मप्रसारकानं वसवली. आज तिथे सुमारे २० हजार माणसं राहतात, म्हणजे सगळ्या ग्रीनलंडच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. ही वाढ आपोआप झाली नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत डेन्मार्कनं आधुनिकीकरणाच्या योजना आखल्या. विखुरलेल्या मच्छीमार वस्त्यांत शाळा, दवाखाना, वीज पोचवणं महाग, म्हणून लोकांनाच मोठ्या गावांत आणावं, असं ठरलं. कुल्लिस्सात हे कोळशाचं गाव १९७२ साली बंद केलं गेलं. तिथली कुटुंबं किनाऱ्याभर विखुरली. त्या गावाबद्दलचं दुःख ग्रीनलंडच्या स्वराज्य चळवळीत मिसळलं.

नूकमध्ये त्या लोकांसाठी लांबच लांब चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली सर्वांत मोठी, ‘ब्लॉक पी’, १९६० च्या दशकाच्या मध्यात बांधली. त्या एका इमारतीत ग्रीनलंडच्या एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का लोक राहत. डेन्मार्कच्या नमुन्याची दारं इतकी अरुंद, की जाड फरचे कपडे घालून आत शिरणं कठीण. शिकारीचं सामान ठेवायला जागा नाही. मासे आणि सील साफ करायला बाल्कनी किंवा न्हाणीघर, आणि मग गटारं तुंबत. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला हे घर मिळालं, तेव्हा त्याच्या जगण्याचा विचार कुणी केलेला नव्हता. २०१२ साली ब्लॉक पी पाडण्यात आला.

आजचं नूक वेगळं आहे. १९७९ साली गृहशासन, २००९ साली स्वशासन. विद्यापीठ, लाटेसारख्या भिंतीचं सांस्कृतिक केंद्र, ग्रीनलंडिक भाषेतलं सरकारी कामकाज. जमीन कुणाच्याच खासगी मालकीची नाही. घर तुमचं असू शकतं, पण त्याखालची जागा समाजाची. गावाला गावाशी जोडणारे रस्ते नाहीत. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी २,२०० मीटर धावपट्टीचा नवा विमानतळ सुरू झाला, तेव्हा राजधानीला पहिल्यांदाच मोठी विमानं थेट येऊ लागली.

कॅनडाचं इकालुइत हे तर सुरुवातीला विमानतळच होतं. १९४२ साली अमेरिकेनं तिथे हवाई तळ बांधला आणि त्याच्या कामावर आलेल्या इनुइट कुटुंबांची वस्ती वाढत गेली. १ एप्रिल १९९९ रोजी नुनाव्हुत हा इनुइटबहुल प्रदेश अस्तित्वात आला आणि इकालुइत त्याची राजधानी झालं. नावाचा अर्थ ‘पुष्कळ मासे असलेली जागा’. लोकसंख्या साडेसात हजारांच्या आत. दक्षिणेशी रस्ता नाही, वीज डिझेलवर, जड सामान उन्हाळ्यात जहाजानं. ऑक्टोबर २०२१ मध्ये नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला, आणि जवळजवळ दोन महिने पिण्यासाठी नदीचं उकळलेलं पाणी आणि विमानानं आलेल्या बाटल्या वापराव्या लागल्या. राजधानीचा मान मिळाला, तरी नळ, घर, दवाखाना यांची लढाई संपत नाही.

अलास्कात १९६८ साली प्रुडो बे इथे तेल सापडलं. तिथे शहर वसवलं नाही. कामगार विमानानं येतात, काही आठवडे राहतात, परत जातात. पण त्याच किनाऱ्यावरच्या इन्युपियाक लोकांनी १९७२ साली स्वतःचा जिल्हा स्थापन केला, नॉर्थ स्लोप बरो. एबेन हॉपसन त्याचे पहिले महापौर. तेलावरच्या करातून या जिल्ह्यानं शाळा बांधल्या, गोठलेल्या जमिनीत पाण्याचे उबदार बोगदे काढले. बॅरो या शहरानं २०१६ साली आपलं जुनं नाव परत घेतलं: उत्कियाग्विक. खाली तेल होतं म्हणून हे झालं, यात शंका नाही. पण कर कुणी लावायचा, हा निर्णय त्यांनी आपल्या हातात घेतला, म्हणून तेलाचा पैसा गावात राहिला.

हिमाद्रीचा शेजार

७८ अंश उत्तरेला, स्वालबार्ड द्वीपसमूहात, या सगळ्या वाटा एकमेकींच्या शेजारी दिसतात. १९२० च्या करारानं हा द्वीपसमूह नॉर्वेचा झाला, पण करारातल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याचा, काम करण्याचा समान हक्क मिळाला. त्या करारात भारतही आहे.

तिथलं पिरामिडेन हे सोव्हिएत खाणगाव १९९८ साली बंद झालं. सभागृह, वाद्यं, पोहण्याचा तलाव, लेनिनचा पुतळा जागेवर, माणसं गेली. लाँगइयरब्येन हे नॉर्वेचं खाणगाव १९०६ पासूनचं. त्यानं १९९३ मध्ये विद्यापीठ केंद्र काढलं, पर्यटन वाढवलं, आणि २०२५ साली नॉर्वेची तिथली शेवटची कोळसा खाण बंद झाली तेव्हाही गाव सुमारे अडीच हजार माणसांनी भरलेलं होतं. तरी एक गोष्ट अपुरी आहे. प्रसूतीसाठी बाईला आधीच मुख्य भूमीवर जावं लागतं, आणि म्हातारपणी सेवा लागणाऱ्यांसाठी तिथे सोय नाही. जन्म नाही, वार्धक्य नाही. अशा गावाला काय म्हणावं, हा प्रश्न मला सुटत नाही.

आणि तिसरं, न्यू-ओलेसुन. तिथेही कोळशाची खाण होती. १९६२ च्या स्फोटात २१ खाणकामगार मेले. त्यावरून झालेल्या गदारोळात पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं, खाण कायमची बंद झाली. त्या रिकाम्या खाणगावात हळूहळू देशोदेशींची संशोधन केंद्रं आली. १ जुलै २००८ रोजी भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथे सुरू झालं. त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्को-द-गामा इथून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. २०१४ साली तिथल्या खाडीत भारतानं समुद्राचं तापमान आणि क्षारता मोजणारी यंत्रणा सोडली. डिसेंबर २०२३ पासून काळोख्या हिवाळ्यातही आपले शास्त्रज्ञ तिथे राहू लागले.

ते तिथे कशासाठी जातात, याचं उत्तर आपल्या शेतात आहे. गोव्याच्या या संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ साली मांडलं, की सैबेरियाच्या उत्तरेला कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि सप्टेंबरात मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. हातातोंडाशी आलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात कुजताना विदर्भ-मराठवाड्यानं पाहिलं आहे. त्या पावसाचा एक धागा कदाचित नोरिल्स्कपलीकडच्या समुद्रात बांधलेला आहे. म्हणून उत्तरेतली ही गावं टिकणं, तिथे माणसं राहणं, मोजणं, नोंदवणं, हे केवळ त्यांचंच काम उरलेलं नाही.

शेवटचा पत्ता

पुन्हा किरुनाकडे येऊ. १९०० साली हे गाव वसवताना खाणीचे पहिले व्यवस्थापक यालमार लुंडबूम यांनी हट्ट धरला होता, की इथे झोपड्यांची छावणी होता कामा नये. रस्ते डोंगरउताराच्या कलानं वळणावळणाचे आखले, म्हणजे वाऱ्याला सरळ वाट मिळणार नाही. गुस्ताव विकमन यांनी चर्चला सामी तंबूचा आकार दिला. १९०३ साली नार्विकच्या न गोठणाऱ्या बंदरापर्यंतची रेल्वे औपचारिकपणे खुली झाली. खाणीसाठी वसलेल्या गावाचाही माणसांचा विचार करून आराखडा होऊ शकतो, हे तेव्हा किरुनानं दाखवलं.

आजचं नवं किरुना २०२२ च्या सप्टेंबरात औपचारिकपणे खुलं झालं. नगरभवन गोल, जुन्या नगरभवनाचा घड्याळाचा मनोरा शेजारी. कंपनी घरांची भरपाई देते, नवी घरं बांधते. पण नवी जागा सखल, थंड हवा साचणारी आहे, आणि रस्ते सरळ असल्यानं वारा थेट घुसतो, असं संशोधक सांगतात. चर्च निघालं त्याच महिन्यात कंपनीनं आणखी सुमारे सहा हजार लोकांना हलावं लागेल असं सांगितलं. २०२३ मध्ये जवळच दुर्मिळ मृदा-खनिजांचा मोठा साठा सापडल्याची घोषणा झाली. विजेच्या गाड्या आणि पवनचक्क्यांना ती हवीत. पण तिथून सामी पाळकांच्या रेनडिअरची वाट जाते. हरित भविष्यासाठी पुन्हा त्यांनाच बाजूला व्हायला सांगणार असू, तर त्या भविष्याचा रंग कुठला, हे आपण सगळ्यांनी विचारलं पाहिजे.

ही सगळी शहरं वाचून मला एवढं समजलं: गावाचा पाया खांबांनी धरला जातो आणि गाव धरून ठेवतात ती तिथे वाढणारी मुलं, तिथे शिकणारे तरुण, आणि आपलं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क असलेली माणसं. जिथे हा हक्क मिळाला, तिथे खाण बंद झाल्यावरही दिवे लागत राहिले. जिथे मिळाला नाही, तिथे काळोख आधी खिडक्यांत उतरला.

नोरिल्स्कमध्ये उर्वान्त्सेव्हचं ते १९२१ सालचं ओंडक्यांचं घर अजून आहे. त्याचं संग्रहालय केलं आहे. उर्वान्त्सेव्ह पुढे निर्दोष ठरला, मानाचा झाला, लेनिनग्राडमध्ये राहिला आणि १९८५ साली, वयाच्या बाण्णवव्या वर्षाच्या सुमारास, तिथेच वारला. मृत्युपत्रात त्यानं लिहून ठेवलं होतं, की आपली रक्षा नोरिल्स्कला न्यावी. जिथे त्यानं पहिलं घर बांधलं आणि जिथे त्यानं तुरुंग भोगला, त्याच गोठलेल्या जमिनीत त्याची आणि त्याच्या पत्नीची रक्षा शेजारी शेजारी ठेवली आहे.